अनवाणी धावणं आणि तळव्यावरचे फोड

प्रश्न : तीन आठवड्यांपासून रोज डांबरी रस्त्यावर तीन किलोमीटर अनवाणी धावतो. दोन्ही अंगठ्यांखाली आणि चवड्यावर पाण्याचे फोड येतात. ते फोडावेत का? कातडी कठीण होईपर्यंत असंच धावत राहावं का?

उत्तर : धावणं आधी थांबवा. फोड बरा होऊन दाबल्यावर दुखेनासा होईपर्यंत पुन्हा धावू नका.

फोड लहान असेल आणि चालताना दुखत नसेल तर त्याला हात लावू नका. आतलं पाणी एक-दोन दिवसांत जिरायला लागतं. फोड मोठा, तणावलेला असेल आणि पाऊल टेकवत नसेल, तरच पाणी काढा. हात आणि पाय साबणाने धुवा, सुई स्पिरिटने पुसा आणि फोडाच्या कडेला, तळाशी दोन-तीन ठिकाणी टोचा. मधोमध टोचू नका. कापसाने हलकेच दाबून पाणी काढा. वरची साल मात्र काढायची नाही. खालची नवी कातडी झाकायला तिच्याइतकं चांगलं आवरण दुसरं नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी, आणि ती रोज बदला. एकाच टोचणीवर थांबलात तर भोक बुजून काही तासांत फोड पुन्हा भरतो.

आता कारण. कातडी नुसती वरून घासल्याने फोड येत नाही. पाऊल जमिनीला चिकटून राहतं, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधले थर ताणून फाटतात. त्या फटीत पाणी भरतं. त्यामुळे फोडाची जागा बघितली की पाऊल काय करतंय ते कळतं. अंगठ्याखाली आणि चवड्यावर फोड येतो म्हणजे तुम्ही बोटांनी जमीन मागे ढकलता. टाचेवर आला तर पाऊल शरीराच्या फार पुढे पडून ब्रेक लागतोय. चवड्याच्या एकाच कडेला आला तर पाऊल टेकल्यावर वळतंय.

तुमच्या बाबतीत उपाय असा : पाऊल मागे ढकलण्याऐवजी गुडघ्यातून वर उचला, ढांग लहान ठेवा, मिनिटाला १७० ते १८० पावलांच्या आसपास. पाय पडल्याचा आवाज जितका कमी तितकं बरं. आणि रोज तीन किलोमीटर ही सुरुवात नव्हे. ४०० ते ५०० मीटर, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी तळवा हुळहुळत नसेल तरच थोडं वाढवा. धावताना एखादी जागा गरम वाटू लागली की तिथेच थांबा, कारण फोडाची सुरुवात तीच असते. म्हणून बूट सोबत ठेवा.

कातडी ‘कठीण’ करायच्या मागे लागू नका. जाड, खरखरीत घट्ट्याखालीही फोड येतो. तो खोल असतो, दुखतो जास्त आणि टोचूनही नीट रिकामा होत नाही. घट्टे अंघोळीनंतर प्युमिस दगडाने हलके घासून सपाट ठेवा. धावण्याआधी पाय भिजवू नका, मलमही लावू नका. ओलसर, मऊ पडलेल्या कातडीवर फोड लवकर येतात.

प्रश्न : फोडात रक्त दिसतंय. तेही काढायचं का?

उत्तर : नाही. रक्ताचा फोड टोचू नका, वर पट्टी लावून सोडून द्या. कुठल्याही फोडात पू झाला, भोवती लाली पसरत गेली, वर लाल रेघ सरकताना दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मला मधुमेह आहे. हळूहळू सवय केली तर अनवाणी धावता येईल?

उत्तर : धावू नका. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर वर सांगितलेली ‘गरम जागा’ जाणवतच नाही आणि साध्या फोडाची जखम होऊन ती चिघळू शकते. आत्ता फोड असेल तर तो घरी टोचू नका, डॉक्टरांकडेच जा.