तुमचे प्रश्न : जुन्या वळणाचा जॅझ बँड

प्रश्न : आमच्याकडे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, बँजो, टुबा आणि ड्रम आहेत. १९२०च्या दशकातला जॅझ बसवतो आहोत. पण तिन्ही फुंकवाद्यं एकदम सुरू झाली की नुसता कलकलाट होतो. प्रत्येकाचे सूर लिहून द्यावेत का?

उत्तर : सूर लिहून देण्याआधी जागा वाटून द्या. चाल ट्रम्पेटची. तीही साधी, मोजक्या सुरांत, आणि ओळ संपली की गप्प. बहुतेक बँडांत गोंधळ इथेच सुरू होतो. ट्रम्पेटवाला ओळीच्या शेवटीही सजावट करत राहतो आणि ती जागा भरायला आलेलं क्लॅरिनेट त्याच्यावर आदळतं.

क्लॅरिनेटने चालीच्या वर राहायचं, मात्रेला दोन सूर अशा वळणदार ओळी विणत. त्याचे मधल्या पट्टीतले, गळ्याचे सूर मुळातच दुबळे असतात. वादक ट्रम्पेटच्या पट्टीत उतरला की स्वतःलाच ऐकू येईनासा होतो, जोर लावतो आणि सूर किंचाळतो.

ट्रॉम्बोनचं काम सगळ्यात कमी समजून घेतलं जातं. त्याने कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलताना एका कॉर्डमधून दुसरीत नेणारा सूर द्यायचा. एफ सेव्हनवरून बी फ्लॅटवर जाताना ई फ्लॅटवरून डीवर या. मधल्या पट्टीत स्लाइड तिसऱ्या स्थानावरून चौथ्यावर सरकते, एवढाच तो प्रवास, पण तेवढ्याने सगळ्यांना कॉर्ड बदलल्याचं कळतं. मोठ्या घसरणी ओळींच्या सांध्यात ठेवा, ट्रम्पेटच्या चालीखाली नकोत.

सरावाला १२ बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा गट) ब्लूज घ्या, मिनिटाला १०० मात्रा. पहिलं आवर्तन फक्त ट्रम्पेट आणि ठेका, दुसऱ्यात ट्रॉम्बोन, तिसऱ्यात क्लॅरिनेट. कुणी आल्यावर चाल झाकली गेली तर थांबून त्याच आवर्तनाला पुन्हा सुरुवात. किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ची ध्वनिमुद्रणं ऐकताना दर खेपेला एकाच वाद्याचा माग काढा. तिथे तर ऑलिव्हर आणि लुई आर्मस्ट्राँग अशी दोन कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच वाद्य) होती, तरी दाटी वाटत नाही.

प्रश्न : गाणं संपेपर्यंत लय चढलेली असते. ड्रमवाल्याला सांगून थकलो.

उत्तर : एकट्या ड्रमवाल्याला दोष देऊ नका. लय ब्रेकमध्ये पळते. बाकीचे दोन बार थांबतात, एकटा वाजवतो, आणि त्या आठ मात्रा कुणीच मोजत नाही. सगळे सातव्या मात्रेलाच उडी घ्यायच्या तयारीत असतात. नुसते ब्रेक घ्या: दोन बार वाजवा, दोन बार शांत, पायाने मात्रा चालू. तेही जमेना तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) निम्म्यावर लावा. गाणं १८०चं असेल तर ९०, आणि तो ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा माना. पहिली-तिसरी टुबाने स्वतः सांभाळायची.

बँजोचा हातही बघा. कोपरातून वाजवणारा जोर वाढला की पुढे धावतो. मनगटातून वाजवावं, आणि कॉर्ड दाबलेली बोटं किंचित उचलून आवाज लगेच तोडावा.

गाणं उठवण्यापूर्वी त्यातली सगळ्यात दाट ओळ मनात म्हणा, लय तिच्यावरून ठरवा. सुरुवातीच्या मोकळ्या ओळीवरून ठरवलेली लय हमखास जास्त निघते.

प्रश्न : जुन्या रेकॉर्डबरोबर वाजवायला गेलं की सूर बी फ्लॅट आणि बीच्या मधेच कुठेतरी लागतो.

उत्तर : त्या काळी मुद्रणयंत्रांचा वेग कंपनीगणिक बदलत असे, नेमका मिनिटाला ७८ फेरे नसे. वेगात साधारण ६ टक्के फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. या शैलीत बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ आणि ए फ्लॅट सर्रास असतात, म्हणून आधी त्यांतली जवळची पट्टी धरून पाहा.

रेकॉर्डवरून ड्रम मात्र उतरवू नका. १९२५च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन येईपर्यंत भोंग्यासमोर वाजवून मुद्रण होई. मोठ्या ड्रमच्या ठोक्याने सुई उडे, म्हणून ड्रमवाला बऱ्याचदा लाकडी ठोकळ्यांवर भागवी. मंचावर तो पूर्ण संच वाजवायचा, आणि तुम्हीही तेच करा.

प्रश्न : दमट हवेत बँजो करकरतो आणि बेसूर होतो.

उत्तर : कातड्याचं पान ओलाव्याने सैल पडतं, ब्रिज (तारा पेलणारी घोडी) खाली बसतो, तारा दांडीवरच्या पट्ट्यांना (फ्रेटना) घासतात. प्लॅस्टिकचं पान बसवा. ब्रिज चिकटवलेला नसतो, त्यामुळे तो सरकलाय का तेही पाहा. बाराव्या पट्टीवर तार नुसती स्पर्शून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर सारखा हवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज शेपटीकडे, म्हणजे दांडीपासून लांब सरकवा.

प्रश्न : कार्यक्रमात कोण कधी वाजवणार आणि कुठे संपणार याचा घोळ होतो.

उत्तर : ३२ बारचं आवर्तन २०० लयीत ३८ सेकंद चालतं, १२० लयीत ६४. सुरुवातीला चाल एकदा, चार एकल, शेवटी सगळे मिळून दोनदा, अशी सात आवर्तनं झाली तर पहिलं गाणं साडेचार मिनिटांचं, दुसरं साडेसात मिनिटांचं. म्हणून संथ गाण्यात एकल निम्मं ठेवा, १६ बार एकाला, १६ दुसऱ्याला.

खुणा मोजक्याच हव्यात. पट्टी बोटांनी दाखवतात, खाली केलेलं बोट म्हणजे एक फ्लॅट (कोमल सूर). एक असेल तर एफ, दोन बी फ्लॅट, तीन ई फ्लॅट. ट्रम्पेट आणि बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्यांनी ही खूण एक स्वर वर नेऊन वाचायची, त्यांचा सी म्हणजे बाकीच्यांचा बी फ्लॅट. डोक्यावर हात म्हणजे सगळे चालीवर परत. मूठ वर म्हणजे हे शेवटचं आवर्तन.

खूण आवर्तनाच्या शेवटच्या आठ बारांत, पहिल्या दोनाच्या आत द्या. त्यानंतर दिली तर ट्रॉम्बोनवाल्याचे डोळे स्लाइडवर असतात आणि तो पुढच्या एकलात शिरतो. शेवटचे चार बार पुन्हा वाजवून संपवायचं असेल तर ते मंचावर ठरवू नका, गाण्यांच्या यादीत त्या गाण्यासमोर लिहून ठेवा. तसंच शेवटच्या सुरावर झांज कोण हाताने धरून थांबवणार, तेही.