एफडी मोडू की एसआयपी थांबवू? दोन्ही नको, आधी ती नवी पॉलिसी परत करा

नेरुळहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४७, खासगी शाळेत नोकरी, हातात पगार ३८,०००. उजवा गुडघा दीड वर्ष दुखतोय. स्टेशनचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, झीज आहे, ग्रेड दोन (म्हणजे सौम्य), ऑपरेशनची गरज नाही, तीन महिने फिजिओथेरपी करा. ताईंनी ती तीन ठिकाणी केली. पहिल्या ठिकाणी पाच वेळा, दुसरीकडे चार, तिसरीकडे सहा. 'फरक पडला नाही.' आता चौथ्या क्लिनिकने ४८ सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. लेझर आणि करंटची मशीन, ८५,००० रुपये, सगळे आगाऊ, हवे तर बिनव्याजी ईएमआयवर. बचत खात्यात ६०,००० आहेत, एफडी दोन लाखांची, एसआयपी महिना ५,०००. प्रश्न एका ओळीचा: एफडी मोडू की एसआयपी थांबवू?

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: 'पुढच्या खर्चाची आता काळजी नाही. नणंदेच्या मुलाने फिजिओथेरपी मिळणारी नवी आरोग्य पॉलिसी काढून दिली आहे. जुनी नऊ वर्षांपासूनची होती, तिचा हप्ता पुढच्या महिन्यात भरणार नाही.'

ताई, एफडीही मोडू नका आणि एसआयपीही थांबवू नका. का, ते खाली येईल. आधी त्या शेवटच्या दोन ओळींकडे वळतो, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

तुम्ही नव्या पॉलिसीची पीडीएफ जोडलीत, बरं केलंत. फॉर्म भाच्याने भरला, तुम्ही फक्त ओटीपी दिलात. 'आधीपासूनचे आजार' या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलंय. दीड वर्षाचं दुखणं, एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, तीन क्लिनिकच्या पंधरा पावत्या, सगळं तुमच्या नावावर, आणि फॉर्मवर 'नाही'. उद्या फिजिओथेरपीचा क्लेम लावायला तुम्ही हीच चिठ्ठी जोडणार. म्हणजे आजार लपवल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच कंपनीच्या हातात देणार. कंपनी क्लेम तर नाकारेलच, पॉलिसीही रद्द करू शकते.

आणि समजा खरं लिहिलं असतं, तरी काय? आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. सांधेबदलासारख्या शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत वेगळी प्रतीक्षा असतेच. तुमच्या जुन्या पॉलिसीत या सगळ्या मुदती कधीच संपल्यात. शिवाय सलग पाच वर्षं झाली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'तुम्ही माहिती लपवली' म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. तुमची नऊ झाली. हे कवच तुम्ही नऊ वर्षं हप्ते भरून मिळवलंय आणि आता एका ओटीपीवर सोडून देताय.

बरं, मिळतंय काय? जुनीचा हप्ता २२,०००, विमा पाच लाखांचा, बोनस धरून साडेसात. नवीचा हप्ता २९,०००, विमा पाच लाख. फिजिओथेरपीची मर्यादा वर्षाला ८,०००. सात हजार जास्त भरून, प्रत्येक पावती मंजूर झाली तर, आठ हजार परत. नफा हजार रुपये, आणि त्यासाठी अडीच लाखांचं कवच आणि नऊ वर्षांची ज्येष्ठता घालवायची. याला मी सल्ला म्हणत नाही. पहिल्या वर्षाचं कमिशन म्हणतो.

'आता जीएसटी नाही म्हणून आत्ताच घ्या' असंही तो म्हणाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही हे खरं, पण तो जुन्या पॉलिसीच्या हप्त्यावरही नाही. 'टॅक्स वाचेल' म्हणाला, तर तुम्ही नव्या करप्रणालीत आहात. तिथे ८०डी, म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वजावट, मिळत नाही.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमचे अकरा गेलेत. कंपनीला मेल करा, 'फ्री लुक'खाली पॉलिसी रद्द करत आहे, एवढंच. गेलेल्या दिवसांचा हप्ता आणि स्टॅम्प ड्युटीसारखे किरकोळ खर्च कापून बाकी पैसे परत येतील. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे जुनी वर्षं सोबत येतात. पण त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो, म्हणजे यंदाची वेळ गेली. आणि तेव्हा गुडघा फॉर्मवर लिहा.

आता पॅकेज.

८५,००० भागिले ४८, सिटिंगमागे साधारण १,७७०. आधी तुम्ही ६०० देत होता. पण हा हिशेबही तुम्ही ४८ पूर्ण कराल असं धरून आहे. तुमचा आजवरचा उच्चांक सहा आहे. सहाव्यानंतर थांबलात तर सिटिंग १४,००० ला पडलं. बिनव्याजी ईएमआय म्हणजे वर्षभर महिना सात हजारांचं कर्ज. तुम्ही जायचं थांबलात किंवा क्लिनिकने शटर ओढलं, तरी हप्ते चालूच राहतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा खांदा आखडला होता तेव्हा मीही वीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरले, सात वेळा गेलो, बाकीचे परत मागितले तर रिसेप्शनवरच्या मुलीने पावतीमागचा बारीक मजकूर दाखवला. लोकांना 'आगाऊ भरू नका' सांगणारा मीच तो.

आणि मशीन? ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेबद्दल स्वच्छ लिहिलंय: व्यायाम सगळ्यांना द्या, लेझर, अल्ट्रासाउंड, करंटचे प्रकार देऊ नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. तुमच्या पॅकेजमध्ये महाग आहे ते नेमकं हेच. शेक घेऊन बरं वाटतं, वाटू दे. गरम पाण्याची पिशवी तीनशेला मिळते.

'गादी (गुडघ्यातली कूर्चा) फाटली तर ऑपरेशनच' अशी भीती त्या क्लिनिकने घातली आहे. अमेरिकेत ४५ वर्षांपुढच्या ३५१ रुग्णांची एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना गुडघ्याची झीज आणि गादीला फाट, दोन्ही. निम्म्यांना ऑपरेशन आणि फिजिओथेरपी, निम्म्यांना नुसती फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची हालचाल जवळपास सारखीच सुधारली होती. मात्र नुसती फिजिओथेरपी मिळालेल्यांपैकी तीस टक्के लोकांनी तेवढ्यात ऑपरेशन करून घेतलंच. म्हणजे फिजिओथेरपी हा रामबाण नाही. पण ग्रेड दोनच्या गुडघ्याला आधी हाच करून बघायचा उपाय आहे, आणि तो तुम्ही, ताई, अजून केलेलाच नाही. त्याची सुरुवात तीनदा केलीत.

सोडल्याची कारणं तुम्हीच दिलीत. पहिल्यांदा पाचव्या वेळेला बरं वाटलं म्हणून सोडलं. आखडलेपणा लवकर सुटतो, मांडीच्या स्नायूत ताकद यायला दोन-तीन महिने लागतात. ताकद नसली की दुखणं परत येतं. दुसऱ्यांदा दुखणं वाढलं म्हणून सोडलं. सुरुवातीला थोडं वाढतंच. दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरलं तर ठीक, सूज राहिली तर थेरपिस्टला सांगून व्यायाम कमी करून घ्यायचा. क्लिनिक बदललं की नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या आठवड्यात. तिसऱ्यांदा परीक्षा आल्या. हे कारण मला पटतं, पण परीक्षा दरवर्षी येणार. (इथे मी एसआयपीचं उदाहरण देईन असं वाटलं असेल. देत नाही, तुमची एसआयपी चार वर्षं एकदाही चुकलेली नाही.)

घरच्या व्यायामाबद्दल पत्रात एक शब्दही नाही. खरा इलाज तोच, आणि तो फुकट आहे म्हणून त्याला कोणी किंमत देत नाही.

तर खर्चाचं गणित असं. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे सहा एकदा. अठरा सिटिंग, सहाशेने ११,००० च्या आत. रिक्षा दोन हजार, रबरी पट्टा वगैरे पाचशे. १४,००० धरा. तीन महिन्यांत बचत खात्यातून सहज निघतात. नेरुळलाच डी. वाय. पाटील आणि तेरणा यांची फिजिओथेरपी महाविद्यालयं आहेत. अशा महाविद्यालयांच्या ओपीडीत दर खासगीपेक्षा कमी असतात, फक्त वेळ जास्त जातो. कुठेही गेलात तरी बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारा, पैसे दर वेळी द्या, आणि पहिल्याच दिवशी घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून घ्या. ते न देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

एक वही करा. दर रविवारी हात छातीशी बांधून खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते लिहा. थेरपिस्टही हीच चाचणी घेतात. 'फरक पडला नाही' हे तुम्ही वही पाहून म्हणा, आठवणीवर नको. वजनाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारतही नाही. किलोभर वजन उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोंनी कमी होतो, एवढं सांगून ठेवतो.

बारा आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर वही घेऊन पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे. गुडघा मध्येच अडकला, तापासह लाल होऊन सुजला, पडल्यावर पाय टेकवेना, किंवा पोटरी एकदम सुजली, तर मात्र थांबू नका, फिजिओथेरपीही नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पुढे कधी सांधा बदलायची वेळ आलीच, तर खासगी रुग्णालयात एका गुडघ्याचे अडीच-तीन लाख सहज होतात. ते देणारी पॉलिसी म्हणजे तुम्ही पुढच्या महिन्यात सोडणार होतात ती.

जुनीचा हप्ता आज भरा आणि रद्द करायचा मेलही आजच पाठवा. भाच्याला उद्या सांगा. आज सांगितलंत तर तो रात्री घरी येईल.