‘स्वतःवर दया करा’ का खटकतं?

प्रश्न असा आहे: ‘बी काइंड टू अदर्स अँड टू युवरसेल्फ’ या ओळीचं भाषांतर समुपदेशनाच्या एका पत्रकात ‘इतरांवर व स्वतःवर दया करा’ असं केलंय. ते खटकतं. का खटकतं, आणि तिथे काय लिहावं?

खटकतं ते ‘दया’मुळे. आजच्या मराठीत दया वरून खाली येते. फाशीची शिक्षा झालेल्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे जातो. शेजाऱ्यावर किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्यावर कुणी दया करत नाही. पूर्वी हा शब्द ऐसपैस होता. ‘दया करणें जें पुत्रासी । ते चि दासा आणि दासी’ असं तुकोबा म्हणतात, म्हणजे पोटच्या मुलाविषयी वाटतं तीही दयाच. आज ‘मी मुलावर दया करतो’ म्हटलं तर ऐकणारा चमकेल. ती जागा मायेने घेतली.

‘कीव’ तर आणखी घसरली. संस्कृत कृपा, प्राकृत किवा, मराठी कीव. घराणं एवढं मोठं, पण ‘तुझ्या बुद्धीची कीव येते’ हा आता सरळ अपमान आहे. ‘स्वतःवर दया करा’ वाचणाऱ्याच्या मनात हीच कीव डोकावते, आणि स्वतःची कीव करत बसू नका हेच तर पत्रकाला सांगायचं असतं. ‘कणव’ मऊ शब्द आहे, पण कणव येते, वाटते. ‘कणव करा’ असं सांगता येत नाही. ‘आत्मकरुणा’ मानसशास्त्राच्या लेखात शोभेल, पत्रकात जड होईल.

दया आणि माया यांच्यासोबत येणारी क्रियापदं नीट पाहा. ‘त्याची दया आली’ एवढ्यावर माणूस थांबू शकतो. ‘त्याला माया लावली’ म्हटलं की रोजचं करणं आलं: गरम वाढणं, उशीर झाला तर वाट बघणं.

मायेचा शिवणकामातला अर्थही इथे आठवावा, मला तो फार मोलाचा वाटतो. ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत इंचभर जास्तीचं कापड आत ठेवतात, ती माया. अंग भरलं की शिवण उसवून तेवढं सैल करायचं. माया न सोडता नेमक्या मापात बेतलं तर ताण थेट शिवणीवर येतो, तिथलं कापड विरतं आणि उसवायला काहीच उरत नाही. माणसाशी वागताना अशी माया ठेवायची, म्हणजे त्याच्या चुकीला थोडी जागा ठेवायची. स्वतःच्याही.

तरी ‘स्वतःवर माया करा’ बोलण्यात रुळलेलं नाही. ‘स्वतःला जपा’ रुळलेलं आहे, पण त्यातली अडचण अशी की ते तब्येतीकडे वळतं. थंडीत स्वेटर घाला, रस्त्याने जपून जा, असं. म्हणून नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापदाने काम भागवावं. स्वतःशी कठोर वागण्याला मराठीत नेमकी क्रियापदं आहेत: जिवाला खाणं, मनाला लावून घेणं, आणि ‘आई मला बोलली’मधलं रागावण्याचं ‘बोलणं’. ती नकारात वापरली की अर्थ सरळ पोचतो.

पत्रकासाठी मी असं लिहीन: ‘दुसऱ्याला समजून घ्या. आपलं चुकलं, तर स्वतःला बोलत बसू नका.’