मनाच्या जोरावर वजन उतरतं का?

वजनासाठी माझ्याकडे येणारे बरेच जण दोन-तीन भेटींनंतर कधीतरी दबक्या आवाजात विचारतात, "खरं सांगा, मनाच्या या युक्त्यांनी वजन खरंच उतरतं का?" एका बाईंनी मात्र आल्या आल्याच विचारलं. वय चाळिशीपुढचं, काम हिशेबाचं, बोलणं रोखठोक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) झोपताना ऐकायच्या ध्वनिफिती, आरशासमोर म्हणायची वाक्यं, डोळे मिटून स्वतःला बारीक झालेलं पाहण्याचा सराव, पैसे भरून केलेला एक ऑनलाइन कोर्स, सगळं करून झालं होतं. "वर्षभर रोज म्हटलं मॅडम, माझं शरीर हलकं होतंय. वजन चार किलोने वाढलं. कोर्सवाल्यांना विचारलं तर म्हणाले, तुमच्या मनात खोलवर शंका आहे, म्हणून गुण येत नाही."

हे उत्तर ऐकून मला राग आला. गुण आला तर श्रेय उपायाचं आणि नाही आला तर दोष माणसाचा, अशी सोय करून ठेवली की उपाय कधी खोटा ठरूच शकत नाही. त्या बाई मात्र वजनाच्या ओझ्यावर आणखी एक ओझं घेऊन आल्या होत्या: मी नीट विश्वाससुद्धा ठेवू शकत नाही. म्हणून पहिल्या भेटीत मी एवढंच सांगितलं की तुमची शंका बरोबर आहे, ती सोडू नका.

ती बरोबर आहे असं म्हणायला आधारही आहे. गॅब्रिएल ओटिंगेन आणि थॉमस वॉडन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' असा अंदाज असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं होतं. पण बारीक झाल्यावर सगळं कसं छान असेल, मोहाचे प्रसंग कसे सहज टळतील, अशी गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा सुमारे ११ किलोने कमी उतरलं. अभ्यास लहान होता, त्यावरून कायदा करता येणार नाही. पण ओटिंगेन यांनी पुढे अनेक वर्षं हाच धागा धरून काम केलं आणि स्वप्नरंजनाने प्रयत्नाची धार बोथट होते असं त्यांना वेगवेगळ्या क्षेत्रांत दिसलं. आरशासमोरच्या वाक्यांचंही तसंच. २००९ साली मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांना मुळात स्वतःबद्दल फारसं चांगलं वाटत नाही, त्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य घोकून उलट जास्त वाईट वाटतं. ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच हा उपाय टोचतो.

"मग तुम्ही काय करणार?" त्यांनी विचारलं.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, झोपेत श्वास अडखळणं, स्टिरॉइड किंवा मनाच्या आजारांवरची काही औषधं, इन्सुलिन, यांतल्या कशाचाही वजनाशी संबंध असू शकतो. एवढ्या ध्वनिफिती ऐकल्या, पण 'तुम्ही कोणती औषधं घेता?' असा प्रश्न त्यांतल्या एकीनेही विचारला नव्हता. बाईंच्या तपासण्या सुदैवाने ठीक निघाल्या.

मग वही. काय खाल्लं यापेक्षा कधी, कुठे आणि त्याआधी काय घडलं हे लिहायचं. कॅलरी मोजायच्या नाहीत, स्वतःला गुण द्यायचे नाहीत. हिशेब ठेवणाऱ्या बाईंना हे आवडलं. वहीतून दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली माझ्या मते जास्त महत्त्वाची. त्या सकाळी जवळजवळ काही खात नसत, दुपारी अगदी थोडं खात आणि रात्री नऊनंतर हात आवरत नसे. त्याला त्या 'माझी कमजोर इच्छाशक्ती' म्हणत. मी त्यांना शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसल कीज यांच्या अमेरिकेतल्या, मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी, स्वेच्छेने आलेल्या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं आणि डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. काहींनी तर पाककृती जमवायला सुरुवात केली. धडधाकट, निवडून घेतलेल्या माणसांची ही गत. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी रात्री खादाड नसते, भुकेली असते." आम्ही दुपारचं जेवण वाढवलं. तेवढ्यानेच रात्रीचं निम्मं खाणं सुटलं. त्यासाठी मनाचं कोणतंही तंत्र लागलं नाही.

उरलेलं निम्मं मात्र मनाचंच होतं. आईच्या आजारपणावरून भावाशी फोनवर वाद झाला की, पोट भरलेलं असूनही, त्या थेट स्वयंपाकघरात जात. इथे मी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची 'जर-तर' पद्धत वापरली. 'आता मी कमी खाईन' असा मोघम निश्चय न करता नेमका प्रसंग आणि नेमकी कृती आधीच जोडून ठेवायची. त्यांचं वाक्य ठरलं: "भावाचा फोन ठेवला, तर त्याला जे बोलता आलं नाही ते मी आधी कागदावर लिहीन." लिहून झाल्यावरही खावंसं वाटलं तर खायला मुभा होती. ही मुभा मी मुद्दाम ठेवली, कारण बंदी घातली की मन त्याच गोष्टीभोवती घिरट्या घालतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहिलंही आणि खाल्लंही. नंतर लिहिणं लांबत गेलं, खाणं कमी झालं. एके दिवशी त्यांनी तो कागद बाजूला ठेवून भावालाच सगळं सांगितलं.

मध्ये एक आठवडा सगळं बिघडलं. "आता काय, मोडलंच आहे तर मोडू दे," असं म्हणत त्यांनी वही बंद केली. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्यांमध्ये नेमकं हेच पाहिलं होतं: नियम एकदा मोडला की माणूस उरलेल्या दिवसावरही पाणी सोडतो. वजन वाढतं ते बहुधा त्या पहिल्या घासापेक्षा नंतरच्या या हार मानण्याने. त्या आठवड्याबद्दल मी त्यांना काही विचारलं नाही. पुढचं जेवण वेळेवर घ्या, एवढंच सांगितलं.

वर्षभरात त्यांचं वजन साधारण सहा टक्क्यांनी उतरलं. जाहिरातीत दाखवायला हा आकडा किरकोळ आहे. पण पाच टक्के वजन घटलं तरी रक्तदाब आणि रक्तातली साखर सुधारू शकते, म्हणून डॉक्टरांना तो पुरेसा वाटला. पुढे वजन अडलं. तेही अपेक्षितच होतं, कारण हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जा वापरतं आणि भूक वाढवतं. त्या अजून अधूनमधून येतात, पण वजनाबद्दल क्वचितच बोलतात.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं खाणं वारंवार पूर्ण ताब्याबाहेर जात असेल, म्हणजे आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिन्यांपासून, किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर वही आणि 'जर-तर' यांवर थांबू नका. तो उपचार होणारा आजार आहे. मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि त्यांना हे सगळं जसंच्या तसं सांगा.