रेनडिअरच्या डोळ्यात फूल पडते तेव्हा

प्रश्न : उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ रेनडिअर पाळणाऱ्या एका सामी (तिथले मूळ रहिवासी) कुटुंबाच्या कुंपणाच्या वाड्यात फेब्रुवारीत रेनडिअरच्या पाचसहा पाडसांचे डोळे गळताना पाहिले. एकाचे बुबुळ निळसर पांढरे झाले होते. मालक म्हणाला, "वाड्यात कोंडून चारलं की हे येतंच." पण हिवाळ्यात रेनडिअरचे डोळे एरवीही निळे होतात ना? मग हा रोग की ऋतूचा परिणाम?
– एक वाचक, ट्रॉम्सो

उत्तर : रोगच. ऋतूचा निळेपणा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. दृष्टिपटलामागचा चकाकणारा थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि ध्रुवीय रात्रीत निळा होतो. तो दिसतो फक्त उजेड उलटून आला की, आणि दोन्ही डोळ्यांत सारखाच. डोळ्याची पुढची काच मात्र स्वच्छ असते. रोगात ही काचच, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पाणी धरून दुधाळ होते. आपल्याकडे याला 'फूल पडणे' म्हणतात. बॅटरीचा झोत बाजूने टाकून बघा. आतल्या बाहुलीची कड स्पष्ट दिसली तर डोळा ठीक. आरशावर वाफ धरावी तशी ती पुसट दिसली तर रोग.

मुरलेले मेंढपाळ बुबुळ पांढरे होईपर्यंत थांबत नाहीत. त्यांची नजर गालावर असते. डोळ्याखालच्या फिकट केसांत ओला तपकिरी ओघळ दिसला आणि जनावर तो डोळा मिटून उजेडाकडे पाठ करून उभे राहिले, की ते बाजूला काढायचे. पुढे पापण्या सुजतात, पू येतो, बुबुळ गढूळ होऊन त्यावर जखम पडते. जखम खोल गेली तर पडदा फुटतो, डोळ्यातला ऐवज बाहेर येतो आणि तो डोळा गेला. दोन्ही डोळे गेलेले पाडस कळपाबरोबर चालू शकत नाही. लिंक्स (रानमांजराच्या जातीचे) किंवा वुल्व्हरिन अशा शिकारी जनावराच्या तोंडी जाते. सर्वाधिक झळ पाडसांना आणि वर्षा-दोन वर्षांच्या जनावरांनाच बसते.

रोग जुना आहे. स्वीडनमध्ये संशोधक बर्गमन यांनी 1912 साली त्याचे वर्णन केले. कारणाचा दुवा मात्र बराच उशिरा लागला. नॉर्वेतल्या एका साथीच्या अभ्यासातून 2009 मध्ये सर्व्हिड हर्पीसव्हायरस 2 हा हरणांच्या कुळातला विषाणू मूळ कारण म्हणून पुढे आला. मोराक्सेलासारखे जिवाणू मागून येऊन बिघडलेला डोळा आणखी बिघडवतात. स्वीडनमधल्या एका साथीत क्लॅमिडिया हा जिवाणूही सापडला. म्हणजे प्रत्येक वाड्यातला जंतूंचा मेळ तोच असेल असे नाही.

मालकाचे बोलणे निम्मे बरोबर आहे. वाडा विषाणू निर्माण करत नाही. तो कळपात आधीपासूनच असतो. एकदा लागण झालेल्या जनावराच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत हा विषाणू दडून बसतो. वाड्यात कोंडल्याचा ताण आला की जागा होतो आणि नाकाडोळ्यांच्या स्रावातून बाहेर पडतो. मोठी मादी स्वतः धडधाकट दिसते, पण तिच्याच गव्हाणीत तोंड घालणारे पाडस पहिल्यांदा लागण घेते.

प्रश्न : आपल्याकडे गाईचे डोळे आल्यावर वापरतो तेच औषध इथे चालेल का? उपचार नेमका कसा करतात?
– पशुवैद्यक शाखेची विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : चालते, पण कशावर चालते ते नीट समजून घ्या. प्रतिजैविक विषाणूला मारत नाही, फक्त मागून आलेल्या जिवाणूंना आवरते. त्यामुळे पहिल्या दोनतीन दिवसांत दिले तर डोळा वाचतो. फूल पिकल्यावर दिले तर खर्च तेवढा होतो.

जनावर फासाने धरून दोघांनी आवरायचे. एकाने शिंगे बुडाशी धरून डोके स्थिर ठेवावे. हातमोजे प्रत्येक जनावराला नवे. इथे आळस केला की उपचार करणाराच साथ पसरवतो. कोमट सलाइनने (लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ) डोळा आतल्या कोपऱ्याकडून बाहेर धुवायचा. खालची पापणी खाली ओढून आतल्या खाचेत सेंटिमीटरभर टेट्रासायक्लिन गटाचे मलम सोडायचे. ट्यूबचे टोक डोळ्याला लागू द्यायचे नाही.

अडचण अशी की मलम दिवसातून दोनतीनदा लागते, आणि अर्धरानटी जनावराला तितक्यांदा धरणे म्हणजे नवा ताण. ज्या ताणाने विषाणू जागा झाला तोच आपण रोज देतो. म्हणून पशुवैद्य बऱ्याचदा दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन आणि वेदनाशामक देऊन जनावर आडोशाच्या, कमी उजेडाच्या जागी ठेवायला सांगतात. गुरांत या इंजेक्शनचे प्रमाण वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम असते. रेनडिअरसाठी मात्रा आणि मांसासाठीचा वर्ज्य काळ (औषधानंतर मांस खायचे नाही ते दिवस) पशुवैद्यानेच ठरवायचा.

सर्वांत घातक चूक म्हणजे स्टिरॉइड असलेले मलम. लाली ओसरते, मालक खूश होतो आणि बुबुळाची जखम आतून वाढत जाते. शिवाय दडलेला विषाणू प्रयोगशाळेत जागा करायला संशोधकांनी वापरले ते डेक्सामेथासोनच, म्हणजे स्टिरॉइड! मलम निवडण्याआधी फ्लोरोसीन या रंगाची पट्टी डोळ्याला लावा. जखम हिरवी चमकते.

आणखी एका गोष्टीने लोक घाबरतात. बरे होताना बुबुळाच्या कडेकडून लाल शिरा आत सरकतात, डोळा आधीपेक्षा भयंकर दिसतो. ती भरून येण्याची खूण आहे. काही आठवड्यांनी शिरा विरतात, एखादा पांढरा डाग राहतो. फुटलेल्या डोळ्याला मात्र औषध नाही. जनावर कत्तलीला काढणे हाच दयेचा मार्ग, आणि औषध टोचले असेल तर तोही वर्ज्य काळापुरता बंद.

प्रश्न : लस नाही का? नाहीतर वाड्यात घालायचेच कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रेनडिअरसाठी मंजूर लस नाही. आणि वाडा कोणी हौसेने करत नाही. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडून गोठला की बर्फाखालच्या लायकेनवर (आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद) काचेसारखा थर बसतो. खूर मारून तो फुटत नाही. मग गोळ्यांचा खुराक आणि सुकी वैरण घालूनच कळप जगवावा लागतो.

घालायचेच तर एका लांब गव्हाणीऐवजी बर्फावर दूरदूर बरेच ढीग घालावेत आणि रोज जागा बदलावी. दुबळ्या पाडसालाही ढकलाढकलीशिवाय तोंड घालता आले पाहिजे. लायकेनवरून गोळ्यांवर हळूहळू आणावे. पोट बिघडलेले जनावर आधी पडते. दोन कळप एकाच वाड्यात मिसळू नयेत. गळका डोळा दिसलेले जनावर त्याच दिवशी वेगळ्या कुंपणात, आणि त्याचे भांडे मोठ्या कळपाकडे परत न्यायचे नाही. हवामान उघडताच निरोगी जनावरे मोकळी सोडावीत. फाकलेल्या कळपात साथ आपोआप मंदावते.

प्रश्न : माझ्या शेळ्यांचे डोळे पावसाळ्यात येतात. हाच विषाणू का?
– शेळीपालक, माण

उत्तर : नाही. तुमच्याकडे बहुधा मायकोप्लाझ्मा किंवा क्लॅमिडिया हा जिवाणू असतो, आणि माश्या तो एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेतात. रेनडिअरची साथ भर बर्फात, माशी नसताना पसरते, हा मोठा फरक. पण आजारी शेळी वेगळी बांधणे, हात धुऊन पुढची धरणे आणि स्टिरॉइडचे मलम टाळणे हे माणमध्येही तंतोतंत लागू आहे.