क्रॅक निघालेल्या हेडचे पैसे मिळतील, पण नंबर घासलेलं इंजिन घेऊ नका

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुमच्याकडे टोयोटाची जुनी एमआर-टू आहे, ४ए-जीई इंजिनवाली. हेड गॅस्केट (ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड, यांच्या मधलं सील) उडालं, गाडी तापली, हेड वाकलं. नवीन हेड परवडेना म्हणून जुने पार्ट विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून ऑनलाइन वापरलेलं हेड मागवलं, जाहिरातीत लिहिलं होतं ‘प्रेशर टेस्ट केलेलं, क्रॅक नाही, थेट बसवा’. मशीन शॉपमध्ये तपासलं तर दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडांच्या) मधे क्रॅक. आता व्यापारी म्हणतो सेकंडहँड मालाला वॉरंटी नसते, परत घेणार नाही. आणि तुम्ही वैतागून एक अख्खं इंजिन घ्यायला निघालाय, जे जवळपास त्याच पैशात मिळतंय, फक्त ब्लॉकवरचा नंबर घासलेला आहे आणि बिल मिळणार नाही.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आधी देते कारण ते तातडीचं आहे. ते इंजिन घेऊ नका. टोकनसुद्धा देऊ नका.

आता हेडकडे येऊ. ‘वापरलेल्या मालाला वॉरंटी नसते’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकायला मिळतं की लोकांना तो कायदाच वाटायला लागलाय. तसं नाहीये. मालविक्री कायदा १९३० चं कलम १५ सांगतं की वर्णन करून माल विकला तर तो वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, आणि तिथे नवा-जुना असा भेद नाही. ‘क्रॅक नाही’ हे वर्णन आहे, क्रॅक निघाला, म्हणजे अट मोडली. त्याच्या पुढचं कलम १६ पण तुमच्या बाजूनं आहे, कारण तुम्ही त्याला मेसेजमध्ये गाडीचं मॉडेल आणि इंजिन कोड सांगून विचारलं होतं ‘हे माझ्या गाडीला चालेल ना’ आणि तो म्हणाला हो. माल कशासाठी हवा ते विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या माहितीवर भरवसा ठेवून घेतला आणि तो माल विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर तो त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, नुसता पार्ट नंबर पाठवून ‘हा द्या’ म्हणू नका, कशासाठी हवाय ते लिहा, कारण नंबर तुम्हीच ठरवून मागितला तर उद्या तो म्हणेल मागितलं ते दिलं, बसत नसेल तर तो तुमचा प्रश्न.

एक गोष्ट मात्र नीट बघा. कलम ६२ प्रमाणे दोघांनी आधी ठरवून अशा जबाबदाऱ्या काढून टाकता येतात. म्हणजे जाहिरातीतच ‘जसं आहे तसं, कसलीही खात्री नाही’ असं असतं तर तुमची बाजू बरीच कमकुवत झाली असती. पण तुम्ही लिहिलंय की ‘नो रिटर्न’ हा मेसेज पैसे गेल्यानंतर, थेट पार्सलच्या ट्रॅकिंग नंबरबरोबर आला. सौदा पक्का झाल्यावर एकट्यानं घातलेली अट सौद्याचा भाग होत नाही. पैसे गेल्याचा आणि ‘नो रिटर्न’चा, अशा दोन्ही मेसेजची वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आत्ता काढून ठेवा, जाहिरातीचा तर आजच काढा, ती कधीही उडवली जाईल. आणि फोन बदलू नका, विकू तर अजिबात नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

हेडला आता हात लावायचा नाही. तुमचा मेकॅनिक म्हणतोय वेल्ड करून घेऊ, फेसिंग मारू (पृष्ठभाग सपाट घासून घेऊ), चालून जाईल. चालेलही, पण तुम्ही त्यावर काम केलंत की कलम ४२ प्रमाणे माल स्वीकारला असा अर्थ निघू शकतो, आणि वर व्यापारी म्हणेल क्रॅक तुमच्याच माणसानं पाडला. तुम्ही पार्सल उघडल्यावर चार दिवसात त्याला कळवलंत हे फार चांगलं केलंत. आता मशीन शॉपकडून लेटरहेडवर लेखी रिपोर्ट घ्या, त्यात तारीख, हेडवरचा कास्टिंग नंबर (ओतकामातच उमटलेला), कुठली टेस्ट केली, क्रॅक नेमका कुठे आणि किती लांब हे सगळं येऊ द्या. ॲल्युमिनियमचं हेड आहे, त्याला लोखंडासारखी चुंबकीय टेस्ट चालत नाही, प्रेशर टेस्ट किंवा डाय पेनिट्रंट (रंग मुरवून क्रॅक शोधणारी टेस्ट) केली असेल तर तेच शब्द लिहून घ्या, कारण समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. पुढे वाद वाढला तर ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा) स्वतः वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून हेड आहे त्या अवस्थेत गुंडाळून ठेवा.

मग पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा, स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत न घेणं आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसात पैसे न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, बिल न देणं ही सुद्धा. खरेदी एखाद्या प्लॅटफॉर्मवरून झालीये म्हणून त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासात पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली की बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि व्यापारी दुसऱ्या राज्यात असला तरी तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत २ वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका. हेडच्या किमतीबरोबर वाहतूक आणि टेस्टचा खर्चही मागा. (विकणारा व्यापारी नसून एखादा हौशी गाडीवाला असता, ज्यानं स्वतःचा पडून असलेला पार्ट विकला, तर ग्राहक आयोगात अडचण आली असती आणि दिवाणी दावा करावा लागला असता. तुमच्या बाबतीत तो रोज हेच विकतो, त्यामुळे काळजी नाही.)

आता त्या इंजिनाबद्दल. हेड बदललं तर आरटीओला काही सांगावं लागत नाही कारण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. पण अख्खं इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, आधी परवानगी घ्यायची, आणि ती न घेता बदललं गेलं असेल तर १४ दिवसात कळवायचं, आरसीवर नोंद करायची. बिल नाही, नंबर नाही, तर तुम्ही नोंद कशाची करणार? तुमची गाडी १५ वर्षांच्या केव्हाच पुढे गेलीये, दर ५ वर्षांनी नूतनीकरण आहे, त्या तपासणीत चेसिस आणि इंजिन नंबर बघतातच. आणि नंबर घासतात तो कशासाठी याचा विचार करा. चोरीच्या मालाची मालकी घेणाऱ्याकडे येतच नाही, पोलिसांनी उचललं तर इंजिन जाईल आणि पैसेही. त्याहून वाईट म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये ‘माहीत होतं’ इतकंच नाही तर ‘चोरीचं आहे असं मानायला कारण होतं’ हेही पुरेसं धरलंय, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. घासलेला नंबर आणि हेडच्या किमतीत अख्खं इंजिन, याहून मोठं कारण काय असतं. मी अशा केसमध्ये साध्या, प्रामाणिक माणसांना वर्षानुवर्षं तारखांना येताना बघितलंय आणि खरंच वाईट वाटतं.

स्वस्तात करायचंच आहे तर दुसरे रस्ते आहेत. ४ए-जीई फक्त एमआर-टू मध्ये नव्हतं, कोरोलातही होतं, म्हणून गाडीच्या नावाऐवजी इंजिन कोडनं शोधा. दुसऱ्या कंपनीचं गॅस्केट, बेअरिंग, सील बिनधास्त घ्या. पाकिटावर स्वतःचं नाव आणि खाली ‘टोयोटासाठी’ असं लिहिणं कायदेशीर आहे, ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३० त्याला परवानगी देतं. बेकायदा ते, ज्यावर टोयोटाचा खोटा लोगो मारलेला असतो. परदेशातून नवा पार्ट ड्युटी भरून आणता येतो, पण वापरलेलं हेड आणायला परकीय व्यापार धोरणाप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे ‘कस्टममधून सुटतं हो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आणि इंजिनच हवं असेल तर बिल देणारा, नंबर वाचता येणारा आणि कुठल्या गाडीतून काढलं याचे कागद देणारा बघा, आधी आरटीओची परवानगी घ्या, मग पैसे द्या.

मला जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याचा पुरावा आणि मशीन शॉपचा रिपोर्ट पाठवा, नोटिशीचा मसुदा करून देते. मेकॅनिकला मात्र आजच फोन करून सांगा की वेल्डिंग थांबव.