धरमतर खाडीकाठच्या आमच्या दीड एकर भातशेतीत बांध फुटून तिवरं उगवली आहेत. ती काढून पुन्हा शेती करता येईल का, की पाणथळ जागा म्हणून तशीच राखावी?

तिवरं तोडू नका. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, तीन पिढ्या भात पिकलंय, हे सगळं खरं असलं तरी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभरातल्या कांदळवनाच्या, म्हणजे या तिवरांच्या, तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली. जमीन सरकारी की खासगी याने काही फरक पडत नाही. कांदळवन आलं की ती जागा सीआरझेड-एकमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक संरक्षणाच्या भागात गेली. ते हजार चौरस मीटरहून मोठं असेल तर भोवतीची ५० मीटरची पट्टीही त्यात धरली जाऊ शकते. तुमचं दीड एकर म्हणजे सहा हजार चौरस मीटर, त्यामुळे पळवाट शोधू नका. पूल बांधायला, रेल्वेचा रूळ टाकायला झाडं काढायची तर सरकारी यंत्रणांनाही कोर्टात उभं राहून परवानगी मागावी लागते. तिथे तुमच्या-माझ्या कोयत्याला कोण विचारतो?

एवढ्यावर थांबलो असतो. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'निसर्गानेच आपली जागा परत घेतली असं समजून सोडून द्यावं का?' हे वाक्य झोंबलं. आमच्या धाकट्या काकांचा नातू नवी मुंबईत राहतो, गळ्यात दुर्बीण घालून फ्लेमिंगो बघायला जातो, आणि दिवाळीला गावी आला की हेच वाक्य मला ऐकवतो. निसर्गाने जागा परत घेतली. त्याच्या आजोबांनी काय केलं ते मात्र त्याला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आमचं गावही रायगडातल्या धरमतर खाडीवरच. खारात जमीन, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली. बाहेरचा बांध चिखलाचा, खाडीच्या अंगाला दगड लावलेला, आणि मधे उघाडी. उघाडी तुम्ही पाहिली असेल, पण चालताना पाहिली नसेल तर थोडं सांगतो. दगडी मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर लाकडी झडप वरून टांगलेली. भरती चढली की खाडीचं पाणी झडपेला आत रेटतं आणि ती आपसूक बंद होते. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला बाहेर ढकलतं आणि ती उघडते. चावी नाही, मोटार नाही. फक्त झडपेच्या कडेला काठीचा तुकडा किंवा शेवाळ अडकता कामा नये. अडकलं की खारं पाणी आत शिरलंच. म्हणून रोज कोणीतरी जाऊन हात घालून कडा चाचपायची. आमच्याकडे हे काम बाबा करायचे. ओहोटीला तिथेच बोक्षी, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावली की कोळंबी, बोय, नशीब असेल तर एखादा जिताडा. बोक्षी लावायचा हक्क गावकी लिलावात काढायची आणि आलेला पैसा बांधाला जायचा.

ही सगळी मांडणी माणसाने उभी केलेली होती, आणि तरीही ती पाणथळच होती. मृगाच्या पहिल्या पाण्याला वलगणीचे मासे ओहोळातून शेतात चढायचे, पोरं टोपल्या घेऊन धावायची. जून-जुलैच्या पावसाने वरचा खार धुऊन जायचा, मग रता लावायचा. लाल तांदूळ, उतारा कमी, पण थोडं खारं पाणी सोसणारा. नंतर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-३ असे वाण आले, तेही लावले. कापणीनंतर उरलेल्या ओलीत शेकाट्या, तुतारी, बगळे. हे पक्षी मोकळ्या उथळ पाण्यात चरतात, तिवरांच्या दाटीत नाही. दुर्बीणवाल्याने हे ध्यानात घ्यावं. २००८ साली दक्षिण कोरियातल्या चांगवॉनला पाणथळ जागांसाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद झाली, तिथे भातखाचर ही पाणथळ परिसंस्था आहे असा ठरावच झाला. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातखाचरं आणि मिठागरं व्याख्येतून वगळली. म्हणजे तुमच्या शेतात भात होतं तोवर कायद्याच्या लेखी ती पाणथळ जागा नव्हती, आणि भात मेल्यावर थेट सीआरझेड-एक. मधल्या काळात, जेव्हा एखाद्या कायद्याचा खरा उपयोग झाला असता, तेव्हा कोणीच नाही.

आता खांड (बांधाला पडलेलं भगदाड) कशी गेली ते.

श्रावण अमावास्येच्या उधाणाआधी, म्हणजे मोठ्या भरतीआधी, बाबांना बांधाच्या आतल्या अंगाला ओल दिसली. ताटाएवढी जागा, गवत इतर ठिकाणापेक्षा जास्त हिरवं. चिंबोऱ्यांनी पोखरलेलं होतं. एक बीळ बाहेरून, एक आतून, मधे वीतभर चिखल. त्यांनी त्याच दिवशी गवत उपसून चिखल ठोकला, पण वरून ठोकून असली बिळं भरत नाहीत, बांध मुळापर्यंत कापून नव्याने बसवावा लागतो. त्याला माणसं लागतात. पूर्वी घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा, न आला तर दंड. तेव्हा बांध खोत-सावकाराचा असो की गावाचा, डागडुजीला गाव असायचं. मग १९४८ चा खार जमीन कायदा आला, १९७९ चा आला, बांधबंदिस्ती सरकारी योजनांत गेली. चांगलं झालं, दगडी काम आलं, पैसा आला. पण घरटी माणूस यायचा थांबला.

उधाणाला खांड गेली. पहिल्या दिवशी ती एवढी होती की मी उडी मारून पलीकडे गेलो होतो. बाबा म्हणाले, घाई नको, आता काही टाकलं तर पाणी घेऊन जाईल, अष्टमीच्या भांगाला, भरती लहान असते तेव्हा, बुजवू. त्यांचा हिशोब बरोबर होता. आतल्या शेतात जेवढं पाणी शिरतं तेवढं सगळं ओहोटीला त्याच भोकातून बाहेर पडतं आणि जाताना कडा खात जातं. उधाणात हे पाणी सर्वांत जास्त, भांगाला सर्वांत कमी. भांगाच्या ओहोटीला चार-पाच तास मिळतात. तेवढ्यात बांबूच्या दोन रांगा, मधे पेंढा आणि चिखल, एवढं झालं की पुढच्या उधाणापर्यंत बांध टिकतो आणि मग दगड लावायला सवड मिळते.

अष्टमीला सकाळी बाबा आणि पाच-सहा जण बांबू घेऊन निघाले. काका वाटेत उभे.

"बांद सरकारचा हाय. त्याला हात लावलास त नुकसानभरपाई मिलाची नाय."

काकांना कोणीतरी सांगितलं होतं की पंचनामा होईपर्यंत खांड जशी आहे तशी राहिली पाहिजे. निम्म्या लोकांना ते पटलं. भाताची रोपं तर जळालीच होती, मग निदान पैसे तरी यावेत. बांबू घरी परत गेले. पंचनामा झाला, कचेरीतून अंदाजपत्रक वर गेलं, वरून शेरा मारून खाली आलं. तोवर दोन उधाणं येऊन गेली होती आणि खांडीत होडी आडवी फिरत होती. तेवढी खांड गावाच्या हातची राहत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेतावर मिठाची पापडी. त्यानंतर माचूळ ही खाऱ्या जमिनीतली भाजी आली, बायका भाजीला खुडून न्यायच्या. मग खाडीतून वाहत आलेलं तिवराचं बी गाळात रुजलं. आता तिथे डोक्याच्या वर झाडी आहे, चिखलातून श्वासमुळं वर आलेली, निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) उड्या मारतात, रात्री कोल्हेकुई ऐकू येते. वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोळंबीची, माशांची पिल्लं तिथेच वाढतात, वादळात काठ धरून ठेवते, चिखलात कार्बन गाडते, हे सगळं मान्य. पण निसर्गाने परत घेतली म्हणू नका. आम्ही एका अष्टमीला काम केलं नाही, म्हणून ती गेली. समुद्र काही शेकडो वर्षं दबा धरून बसला नव्हता.

आणि हेही सांगतो, आमच्याकडचे शेतकरी पुढारी 'कांदळवनाने शेती खाल्ली' म्हणून भाषणं ठोकतात, ते तितकंच खोटं. तिवर शेतात चालत येत नाही. भरतीचं पाणी वरचेवर आत येत असेल तरच त्याचं बी रुजतं. उघाडी चालू ठेवा, बांध धरा, एक रोप उगवणार नाही. झाडावर राग काढणं सोपं, फावडं उचलणं अवघड. खाडीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटांनी बांध ढासळतात ही तक्रार मात्र खरी आहे, ती रेटून धरा.

तर तुमचं काय. तिवरं जिथे उभी आहेत तिथला विषय संपला. पण दीड एकर सगळं सारखं नसतं. जाऊन बघा, ओहोटीला, गमबूट घालून. एखाद्या कोपऱ्यात नुसतं माचूळ आणि गवत असेल, आणि शेजारच्या खाराचा आतला बांध अजून शाबूत असेल, तर तो कोपरा कोर्टाच्या भाषेत कांदळवन नाही. तरी ५० मीटरची पट्टी कुठवर येते ते आधी तहसील कचेरीत नकाशावर बघून घ्या, आणि बांधाला हात लावण्याआधी लेखी विचारा. मी वकील नाही. हा परिच्छेद खरं तर सगळ्यात वर घालायला हवा होता.

गोडं पाणी साठवता आलं तरी लगेच भात होणार नाही. खार धुऊन जायला दोन-तीन पावसाळे सहज जातात, आणि त्या काळात उन्हाळ्यात जमीन तापून भेगाळू दिली की खालचं मीठ पुन्हा वर येतं. मातीची क्षारता तपासून घेतल्याशिवाय बियाण्यावर पैसा घालू नका. जिताड्याचं तळं करा असं कोणीतरी सुचवेलच. पेण-अलिबागकडे घरोघरी आहेत, चांगली आहेत, पण ती बांधाच्या आत, गोड्या पावसाच्या पाण्यावर. तिवरं काढून तळं खणलंत तर गुन्हा दाखल होईल.

तिवरं ठेवून उत्पन्न हवं असेल तर राज्य सरकारची २०१७ पासूनची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. त्यात चिंबोरीपालन, कालवं, शोभेचे मासे असं काय काय आहे. गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती आहे का ते विचारा, एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गटाने करा. फुकटचा पैसा समजून जाऊ नका. चिंबोरीला रोज खायला घालावं लागतं आणि जाळी फाटली की ती रातोरात जाते.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. 'पडीक आहे ना, भराव टाकून देतो, मग बघू' म्हणणारा माणूस तुमच्याकडे आला नसेल तर येईल. असल्या जमिनी वर्षानुवर्षं कोणी बघत नाही हे त्यांना तुमच्याआधी कळतं. रात्री चार डंपर ओतले की तिवरं मरतात, भरतीचं पाणी शेजारच्या धडक्या बांधावर जाऊन आदळतं, आणि नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला येते. डंपरवाल्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं.

म्हणून आधी वारस नोंद करून घ्या. योजनेच्या अर्जालाही सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील. आमचा चिंबोरीपालनाचा कागद तिथेच अडकलाय. काका आता नव्वदीला आलेत, पण सही देत नाहीत. सही केली तर नुकसानभरपाई मिळणार नाही म्हणतात.